शेजारचा ब्रेक

मास्तरांनी बावीस वर्षांत अडीच हजार माणसांना गाडी शिकवली होती आणि स्वतः मात्र चाक हातात धरून शहराची वेस एकदाही ओलांडली नव्हती. ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. पोहायला शिकवणाऱ्याला पोहता येतं का, असं कुणी विचारायला जात नाही.

त्यात त्यांचा दोषही फारसा नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतो. मास्तरांची जागा ती. सकाळी साडेसहाच्या बॅचपासून संध्याकाळपर्यंत ते तिथे बसत, दोन्ही पाय त्या दोन पेडलांवर ठेवत, आणि शांत आवाजात म्हणत, "क्लच. गिअर. आरसा बघा. आता ब्रेक." शिकणाऱ्याने ब्रेक दाबला तर ठीक, नाही तर मास्तरांचा पाय होताच. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणा हवं तर, पण एकही शेळी आजवर दगावली नव्हती. चाक त्यांच्या हातात यायचं ते पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजला जाताना, म्हणजे दोन गल्ल्या आणि एक सिग्नल.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी सकाळी मास्तरीणबाईंनी चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्र ठेवलं आणि एका चौकोनावर बोट टेकवलं.

"वाचा."

मास्तरांनी वाचलं. डोंगरावरच्या दगडाभोवती येत्या सोमवारपासून कुंपण घालणार होते. त्यानंतर तो लांबूनच बघायचा, हात लावायचा नाही.

त्या दगडाला नाव होतं, पण सगळे त्याला नुसता 'दगड'च म्हणत. तीन मजली घराएवढा एक धोंडा, डोंगराच्या माथ्यावर, जेमतेम ताटाएवढ्या जागेवर टेकून उभा. कुणी ठेवला नाही, कुणी घडवला नाही. वारा-पावसाने भोवतालचं सगळं झिजवून नेलं आणि हा तेवढा राहिला. शहरातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे एकदा तरी जायचीच. मास्तरीणबाईंच्या शाळेचीही गेली होती, त्या अकरा वर्षांच्या असताना, आणि नेमकी तेव्हाच त्यांना गालगुंडं झाली. थोरली बहीण गेली. परत आल्यावर म्हणाली, "मी हात लावला, तर दगड हलला." गेली छत्तीस वर्षं ती हेच सांगत होती, आणि लग्नकार्यात चार माणसं जमली की हमखास सांगत होती.

"रविवारी जायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आपल्या गाडीने."

"बघू," मास्तर म्हणाले.

हा 'बघू' त्या घरात फार जुना होता. सिनेमाला बघू, भिंतीच्या रंगाचं बघू, मला गाडी शिकवता का, तर बघू, ही बॅच संपू दे. एक बॅच संपे आणि दुसरी सुरू होई. ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस मास्तरीणबाई सांभाळत: फॉर्म भरणं, परीक्षेच्या तारखा घेणं, नवशिक्यांना वाहतुकीची चिन्हं घोकवणं. रस्त्याचा नियम विचारा, झोपेत सांगतील. पण चाकामागे त्यांना कुणी बसवलं नव्हतं.

बोलता बोलता फोन वाजला. थोरली बहीण, ताईच होती. तिनेही तोच चौकोन वाचला होता.

"अगं, आमची मोठी गाडी घेऊन जा," ताई म्हणाली. तिचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसे. "आमचा ड्रायव्हर आहे की. मास्तरांच्याच हाताखाली शिकलाय. मास्तरांना कशाला त्रास? त्यांना बिचाऱ्यांना गल्लीबोळांची सवय."

शेवटचं वाक्य नसतं, तर मास्तर आनंदाने हो म्हणाले असते. आयती सुटका होती. पण माणसाचा स्वभाव. त्यांनी फोन घेतला.

"ताई, साडूंना म्हणावं, गाडी राहू द्या. ज्याने ड्रायव्हर तयार केला त्याच्याच गाडीत बसून चला तुम्ही रविवारी. जागा आहे."

"येते की," ताई म्हणाली. "बघू तरी."

फोन ठेवला तेव्हा मास्तरीणबाई इतक्या कौतुकाने बघत होत्या की आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणजे काय, ते त्यांना सकाळी आठ वाजता कळलं.

संध्याकाळी वर्गात बैठक बसली. वर्ग म्हणजे ऑफिसमागची खोली. मधोमध एक मोठं टेबल, त्यावर रस्ते रंगवलेले: चौक, वळसा घालायचा गोल, रेल्वेचं फाटक, शाळेपुढचे पांढरे पट्टे. त्यावर बोटाएवढ्या लाकडी गाड्या फिरवून नवशिक्यांना कुणी कुणाला आधी जाऊ द्यायचं ते शिकवत. लेक कॉलेजातून येऊन थेट तिथेच बसली. तिने लाल गाडी घेतली.

"ही आपण. सकाळी सहाला घरून निघायचं. चौक, गोल, फाटक." गाडी टेबलाच्या कडेपर्यंत आली. "आणि इथे टेबल संपलं."

"मग स्टूल लाव," मास्तरीणबाई म्हणाल्या.

स्टूल लागलं. तो मोठा रस्ता. पुढे दोन खुर्च्या, त्यांवर उशा. तो घाट. शेवटच्या उशीवर लेकीने वाटी उपडी घातली आणि वाटीवर बटाटा ठेवला. बटाटा घरंगळून मास्तरांच्या पायाशी आला. तिने परत ठेवला, तो परत घरंगळला.

"शुभशकुन दिसत नाही," मास्तर म्हणाले.

"बटाटा वाकडा आहे, बाबा. दुसरा आणते."

मास्तर मात्र बटाट्याकडे बघत नव्हते. टेबलाची कड आणि स्टूल यांच्यामध्ये चार बोटांची फट राहिली होती, ते तिच्याकडे बघत होते. बावीस वर्षांचं सगळं शहाणपण फटीच्या अलीकडे होतं.

मंगळवारी त्यांनी सांगितलं की मागचा टायर गुळगुळीत झालाय. मास्तरीणबाईंनी दुपारी दोन्ही टायर बदलून घेतले. बुधवारी ते म्हणाले, रविवारी एका विद्यार्थ्याला जादा तास कबूल केलाय. मास्तरीणबाईंनी वेळापत्रक उघडून तो तास शनिवारी ढकलला आणि विद्यार्थ्याला कळवूनही टाकलं. गुरुवारी मास्तरांनी आकाशाकडे बघून काही बोलायचा प्रयत्न केला, तर आकाश निरभ्र. नाचता येईना अंगण वाकडं, पण अंगण तरी थोडं वाकडं असावं लागतं. इथे बाई रोज उठून ते सरळ करत होत्या. स्वयंपाकघराच्या दारावर यादी लागली होती: पाव, उकडलेली अंडी, पेरू, चहाचा थर्मास, ताईसाठी पाठीला उशी. यादीच्या अगदी खाली, वेगळ्या ओळीत, मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं: 'हात लावणे.'

ती ओळ वाचून मास्तरांना वाईट वाटलं. न जाण्यात इभ्रत वाचत होती, पण बायकोचा दगड कायमचा कुंपणाआड जात होता. बावीस वर्षांत तिने मागितलेली ही तिसरी की चौथी गोष्ट असेल, आणि आधीच्या त्यांनी 'बघू'त घातल्या होत्या.

म्हणून शुक्रवारी पहाटे, बॅचच्या तासभर आधी, ते एकटेच गाडी घेऊन निघाले. रंगीत तालीम करू, असं मनाशी म्हणाले. चौक झाला, गोल झाला, फाटक झालं. शेवटचा सिग्नल मागे पडला आणि रस्ता एकदम रुंद झाला. मास्तरांनी चौथा गिअर टाकला. हा गिअर ते रोज नावाने सांगत, पण शहरात तो कुणाला टाकायची वेळ फारशी येत नसे. गाडी पळायला लागली. बरं वाटलं. तीन किलोमीटर तर इतकं बरं वाटलं की त्यांनी काच खाली घेतली.

पुढे एक मालट्रक चालला होता. त्याच्या मागचे लाल दिवे लागले.

"ब्रेक," मास्तर शांतपणे म्हणाले.

आणि वाट बघू लागले.

ट्रक जवळ आला. "ब्रेक," ते पुन्हा म्हणाले, जरा चढ्या आवाजात, जसं मंद विद्यार्थ्याला सांगतात तसं. गाडी जातच होती. ट्रकच्या पाठीवरची अक्षरं वाचता येऊ लागली, अक्षरांवरची धूळ दिसू लागली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की गाडीत दुसरं कुणी नाही आणि दाबायचं आहे ते आपणच. त्यांनी दोन्ही पाय एकदम ब्रेकवर रोवले. गाडी आचका देऊन बंद पडली. ट्रक आणि गाडी यांच्यात वीतभर जागा होती. ट्रकवाल्याला पत्ताही नव्हता. तो निघून गेला.

मास्तर गाडी बाजूला घेऊन बसून राहिले. अडीच हजार लोकांना जे शिकवलं ते आपल्याच पायांपर्यंत पोचलेलं नाही, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की हसू यावं, पण आलं नाही. परवा या गाडीत बायको असेल, मागे लेक असेल. त्यांनी गाडी वळवली आणि दुसऱ्या गिअरमध्ये शहरात परत आणली.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. मास्तरीणबाई फॉर्मांना शिक्के मारत होत्या. मास्तर समोरच्या खुर्चीवर, विद्यार्थी बसतात त्या खुर्चीवर, येऊन बसले.

"अगं, मला उद्या गाडी चालवता यायची नाही."

शिक्का हवेत थांबला. "बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे. मला येतच नाही. म्हणजे येते, पण त्या सीटवरून. इकडच्या सीटवर बसलो की मी नुसता सांगतो." आणि मग त्यांनी कालच्या पहाटेची सगळी हकीकत सांगितली, ट्रक, धूळ, वीतभर जागा, काही राखून ठेवलं नाही. "मी तुमचा जीव घेतला असता. तू ताईच्या गाडीने जा. तिला म्हण, मास्तरांची कंबर धरली. किंवा खरं सांग. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, हे ती म्हणणारच आहे, म्हणू दे. पण तू दगडाला हात लावून ये."

मास्तरीणबाईंनी शिक्का खाली ठेवला. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला, कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा बाजूला केला आणि तळातून एक कार्ड काढून मास्तरांपुढे ठेवलं.

ते लायसन्स होतं. त्यावर मास्तरीणबाईंचा फोटो होता, जरा गोंधळलेला, जसा सगळ्यांचाच असतो. चार वर्षांपूर्वीची तारीख होती.

"हे कधी?"

"चार वर्षांपूर्वी. दुपारी एक ते दोन. तुम्ही जेवून पडत होतात तेव्हा."

"कुणी शिकवलं?"

बाई शिक्क्याच्या पॅडचं झाकण लावत बसल्या.

"कुणाकडे शिकलीस, विचारतोय मी."

"हॉर्नवाल्याकडे."

मास्तर उभे राहिले आणि परत बसले. चौकापलीकडची शाळा हॉर्नवाल्याची. पंधरा वर्षांचं वैर. त्याचे विद्यार्थी प्रत्येक कोपऱ्यावर हॉर्न वाजवत वळत आणि मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना म्हणत, "ऐका. तो गाडी शिकवत नाही, पिपाणी शिकवतो."

"माझ्या नाकावर टिच्चून?"

"तुमच्या नाकावर कशाला? तुम्हाला मी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा बॅच होती." त्यांनी पॅड बाजूला सारलं. "मग मी तिकडे गेले. पण सांगायला जीभ रेटली नाही. तुम्हाला लागलं असतं."

"लागलंच."

"हो. मलाही लागलं होतं."

मास्तरांनी लायसन्स उलटंसुलटं करून बघितलं. त्यांना राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते सापडत नव्हतं. हॉर्नवाल्यावर काढावा तर त्याने फक्त हो म्हटलं होतं.

"घाट चालवलायस कधी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाच वेळा. त्याच्याच गाडीने, दगडाकडचा नव्हे, दुसरा घाट. ताईकडे म्हणून जात होते ना, त्यातले पाच रविवार."

रविवारी सहाला गाडी निघाली. चाकामागे मास्तरीणबाई, शेजारी मास्तर, मागे लेक आणि पाठीशी उशी घेतलेली ताई. छपरावरची शाळेची पाटी काढायची राहून गेली होती, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर ट्रकसुद्धा भिऊन लांबून जात होते.

"हे काय?" ताई पहिल्या चौकातच म्हणाली होती. "मास्तर चालवत नाहीत?"

"मी शिकवतोय," मास्तर म्हणाले. ते खोटं होतं, पण निदान सवयीचं.

आणि शिकवणं त्यांनी चालूही ठेवलं. "आरसा बघ. क्लचवर पाय ठेवून देऊ नकोस. जरा डावीकडे घे." बाई ऐकत होत्या आणि आपल्याच मनाने चालवत होत्या. चौथा गिअर त्यांनी असा टाकला की मास्तरांना कळलंही नाही. ट्रकचे लाल दिवे लागले तेव्हा मास्तरांनी तोंड उघडायच्या आधी गाडी मंदावलेली होती.

घाट लागला. पहिल्या वळणावर बाईंनी लांबलचक हॉर्न वाजवला. मास्तरांनी डोळे मिटले. वळणापलीकडून एक बस उतरत होती. हॉर्न ऐकून ती कडेला थांबली होती.

"घाटात वाजवावा लागतो," डोळे उघडून मास्तर म्हणाले. "घाटात त्याचं बरोबर आहे."

पण दुसऱ्या वळणावर गाडी अडखळली. तिसऱ्यावर पुन्हा. चौथ्या वळणाआधी रस्ता जरा रुंद होता. मास्तरीणबाईंनी तिथे गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"अहो, तुम्ही दाबताय का?"

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय पेडलांवर होते. त्यांनी ठेवले नव्हते, ते आपोआपच गेले होते.

"वळण जवळ आलं की दाबलं जातं."

"एक तर तुम्ही चालवा, नाही तर मी," बाई म्हणाल्या. रागावून नाही, दमून. "दोघांनी चालवली तर ही मध्येच बंद पडेल आणि आपण मागे घसरू. तुम्हाला माझी भीती वाटत असेल तर इथूनच परत फिरू. डबा घरी खाऊ."

मागे कुणी बोललं नाही. ताईसुद्धा नाही, आणि ही गोष्ट त्या कुटुंबात नोंद करून ठेवण्यासारखी होती.

मास्तर वाकले. त्यांनी एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्या. बूट काढून सीटखाली सरकवले, पाय वर घेतले आणि त्या अरुंद सीटवर मांडी घातली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन पेडलांवर कुणाचे पाय नव्हते.

"बाबा, हे काय करताय?" लेकीने विचारलं.

"बसलोय," मास्तर म्हणाले. "चल गं."

मग वळणामागून वळणं आली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वळण आलं की मास्तरांचा पाय मांडीखाली फुरफुरायचा, ते त्यावर हात दाबून धरायचे. सूचना द्यायच्या राहून गेल्या. करायला काहीच नसल्यामुळे त्यांनी समोर बघितलं, आणि सगळ्यांत आधी त्यांनाच तो दिसला: आभाळावर काळा, उगाचच उभा असल्यासारखा, पडेल पडेल वाटणारा आणि न पडणारा.

"दगड," ते म्हणाले.

गाडी माथ्यावर थांबली. लेक कॅमेरा घेऊन पळाली. ताई उतरून, उशी सारखी करत, "मी हात लावला होता ना, तो बघा, त्या बाजूला," असं वाऱ्याला सांगत चालू लागली. मास्तरीणबाई चार पावलं गेल्या आणि थांबल्या. मास्तर अजून गाडीतच होते. त्या मागे आल्या आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरत का नाही?"

"पायांना मुंग्या आल्यात."

"एकाच ना? झटका जरा."

"दोन्ही. कमरेपासून खाली काही कळत नाहीये."

मास्तरीणबाईंनी त्या मांडीकडे बघितलं. चौथ्या वळणावर घातली होती तशीच होती.

"एकदाही खाली सोडले नाहीत?" त्यांनी विचारलं. "ते शेवटचं आखूड वळण आलं तेव्हासुद्धा?"

"नाही," मास्तर म्हणाले.

छत्तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो दगड पन्नास पावलांवर उभा होता, ताई तिथून हाका मारत होती. बाईंनी मास्तरांचा एक पाय धरून हळूच खाली सोडला, मग दुसरा, आणि दाराच्या उंबरठ्यावर बसून ते पाय जागे व्हायची वाट बघत राहिल्या.

मग दोघं निघाली. मास्तर अनवाणीच होते आणि थोडे लंगडत होते. गाडीची किल्ली बाईंच्या हातात होती. दगडापाशी पोचल्यावर त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि उजवा पुढे केला.